बोलणारी आणि टाइप करणारी

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं हसलात, की आजीला ‘लूप’ म्हणजे काय ते कसं माहीत. तुमच्या आईला वाटलं, मी टीव्हीवर ऐकलं असेल. तसं नाही. २०१६ च्या पावसाळ्यापासून पुढच्या मे महिन्यापर्यंत कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाचा बराचसा अभ्यास आपल्या डहाणूच्या घराच्या ओटीवर झाला, आणि मी तिथे बसलेली होते. फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा क्रमाने लिहिते.

नावं कुणाचीच लिहीत नाही. त्या मुली आता नोकरी करतात, आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं नाव कागदावर घालणं मला बरं वाटत नाही.

तुमचे आजोबा गेल्यावर मागची खोली रिकामी होती. कोसबाडच्या एका रोपवाटिकेत काम करणारा एक गृहस्थ आपल्याकडे चिकूची कलमं घेऊन यायचा. तलासरीच्या पूर्वेला डोंगरात त्यांचं गाव, घरी भात आणि नागली. एकदा ओटीच्या पायरीवर चहा घेताना त्याने विचारलं, की त्याच्या धाकट्या बहिणीला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळालाय, हॉस्टेलची यादी लागायची आहे, तोवर ती मागच्या खोलीत राहिली तर चालेल का. मी हो म्हटलं. यादी गणपतीनंतर लागली आणि तिचं नावही त्यात होतं. तोपर्यंत तिला आमची खोली आणि मला तिची सोबत सवयीची झाली होती. ती गेली नाही, मीही विषय काढला नाही.

ती आश्रमशाळेत मराठीतून शिकलेली. कॉलेजात सगळं इंग्रजीतून. संध्याकाळी ती पुस्तक घेऊन यायची आणि मी शब्दांचे अर्थ सांगायचे. मी शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण या पुस्तकातलं इंग्रजी मला अर्धंच कळायचं. शब्द माझा, अर्थ तिचा, अशी आमची वाटणी होती. एकदा मी तिला म्हटलं, “इथे छापलंय की एक्स बरोबर एक्स अधिक एक. हे कसं शक्य आहे? पुस्तकात चूक आहे.”

“चूक नाही, बाई,” ती म्हणाली. गावात सगळे मला बाईच म्हणतात, तीही म्हणायची. “ते बरोबर आहे असं सांगत नाहीत. एक्सच्या डब्यात होतं ते काढायचं, एक वाढवायचा, आणि परत त्याच डब्यात ठेवायचं.”

मला ते लगेच पटलं. तिला विषय समजतो, याबद्दल माझ्या मनात त्यानंतर शंका राहिली नाही. म्हणूनच पहिल्या सहामाहीचा निकाल लागला आणि प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला ती नापास झाली, तेव्हा मी तिला दोनदा विचारलं, की दुसऱ्या कुणाचा नंबर तर पाहिला नाहीस ना.

पुढच्या रविवारी तिचा भाऊ आला. तो रागावला नव्हता. त्याने चप्पल पायरीखाली नीट जुळवून ठेवली आणि मलाच सांगितलं, ती आत ऐकते आहे हे माहीत असून.

“बाई, मार्चात परत परीक्षा आहे म्हणतात. त्यात सुटली तर ठीक. नाही सुटली तर कॉलेज पुढच्या वर्गात घेणार नाही. मग वर्षभर घरी बसवून काय करू? आमच्या रोपवाटिकेत कलमं बांधायला बायका लागतात. मी मालकाशी बोलून ठेवलंय. जूनपासून जागा आहे.”

“तिला विचारलंस?” मी म्हटलं.

“तिला कलम छान बांधता येतं,” तो म्हणाला. “बापाने लहानपणीच शिकवलंय.”

तो गेल्यावर ती बाहेर आली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “कलम मला डोळे मिटून बांधता येतं, बाई. म्हणूनच मला तिकडे जायचं नाही.”

मी तुमच्या मामाचा जुना लॅपटॉप कपाटातून काढला. स्टेशनजवळच्या दुकानातल्या माणसाने त्यात त्यांच्या अभ्यासाचं ते निळ्या पडद्याचं सॉफ्टवेअर घालून दिलं. मी तो ओटीवरच्या टेबलावर ठेवला, खुर्ची सरकवली आणि म्हटलं, “परीक्षेत काय आलं होतं? तेच करून दाखव.”

ती खुर्चीत बसली. हात मांडीवर. थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली. “बाई, तुम्ही टाका. मी सांगते.”

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लग्नाआधी मी टायपिंग शिकले होते, आणि बोटं अजून चालतात. मी शेजारी बसले आणि ती सांगू लागली. इंट, जागा सोडा, आय, स्वल्पविराम, एन. न अडखळता. कुठे कंस उघडायचा, कुठे मिटायचा, पुढची ओळ किती आत घ्यायची, सगळं तोंडपाठ नव्हे, विचार करून. दहा आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधायचा प्रोग्रॅम होता. पहिल्या फटक्यात चालला.

“मग नापास कशी झालीस?” मी विचारलं.

ती आपल्या बोटांकडे बघू लागली.

“कॉलेजात मशिनवर कोण टाइप करतं?”

“आगरवाली.”

“आणि तू?”

“मी सांगते.”

“आणि परीक्षेत?”

“परीक्षेत एकेकटं बसवतात.”

मग सगळं उलगडलं. कॉलेजच्या लॅबमध्ये मशिनं थोडी, म्हणून एका मशिनवर दोघी. तिची जोडीदार समुद्राकाठच्या आगर गावची, मासे सुकवून विकणाऱ्या घरातली. त्या मुलीच्या मामाचं स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान होतं आणि शाळेत असल्यापासून ती तिथे लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायची, त्यामुळे तिची बोटं पाण्यासारखी चालायची. आमची मुलगी बोलायची, ती टाइप करायची. त्यांचा प्रोग्रॅम वर्गात सगळ्यांत आधी चालायचा आणि सर त्यांना शाबासकी द्यायचे. जर्नल दोघींचं पूर्ण, सही झालेलं. पण पाच महिन्यांत आमच्या मुलीने की-बोर्डला बोट लावलं नव्हतं. परीक्षेत तिने कागदावर प्रोग्रॅम लिहिला, मग एकेक अक्षर शोधत बसली, आणि वेळ संपला तेव्हा चार ओळी झाल्या होत्या. आगरवालीने भराभर टाइप केलं, पण विचारलेला प्रोग्रॅम नव्हे. आदल्या आठवड्यात बोटांना सवय झालेला, सम आणि विषम आकड्यांचा. दोघी नापास.

“अगं, पण तुम्हाला कधी आलटून पालटून बसावंसं वाटलं नाही?”

तिला माझा प्रश्नच कळला नाही. “भाताच्या लावणीला जाताना आमच्यात एकीचा हात रोपं उपटण्यात बसलेला असतो, दुसरीचा लावण्यात. जिचा हात बसलाय तिनेच ते करायचं. उगाच बदललं तर दिवस फुकट जातो, बाई.”

शेतात ते बरोबरच आहे. मी स्वतः तीस-एक वर्षं फक्त व्याकरण शिकवलं, कारण कविता शेजारच्या वर्गातल्या बाई चांगल्या शिकवायच्या.

दुसऱ्या दिवशी मी आगरवालीला बोलावून घेतलं. ती सायकल फाटकाला टेकवून, दुपट्टा कमरेला बांधून आली, आणि पायरीवरूनच म्हणाली, “ए डोंगरवाली, तुझ्या बाईंनी मला कशाला बोलावलं? मी काय केलं?”

“काहीच नाही केलंस, तेच तर,” डोंगरवालीने आतून उत्तर दिलं.

मी दोघींना समोर बसवून नियम सांगितला. मार्चपर्यंत, आठवड्यातून चार संध्याकाळी, बोलणारीने टाइप करायचं आणि टाइप करणारीने बोलायचं. वेळापत्रक मी फ्रिजवर चिकटवलं. तुम्हाला माझी वेळापत्रकं माहीत आहेत.

पहिला आठवडा अगदी वाईट गेला. डोंगरवाली एका बोटाने एक अक्षर दाबायची, मग ते पडद्यावर उमटलं का बघायची, मग पुढचं शोधायची. महिरपी कंस तर तिला सापडायचाच नाही. आगरवालीला ते बघवायचं नाही. तिचा हात आपोआप पुढे यायचा आणि कंस दाबून परत जायचा.

“हात मागे,” मी म्हणायचे.

“बाई, एवढ्या वेळात माझी आय पाटीभर बोंबील वलीवर वाळत टाकून मोकळी होते!”

“तुझ्या आयला बोलव मग. ती करेल तुझा पेपर.” हे डोंगरवालीचं, पडद्यावरून नजर न काढता.

आणि उलटही तेच. आगरवालीने सांगायची वेळ आली, की ती दोन ओळी सांगून थांबायची, आणि डोंगरवाली टाइप करता करता पुढचं स्वतःच पुटपुटायची. म्हणजे पुन्हा काम होतं तिथेच. दोघींना एकमेकींना मदत न करणं फार कठीण जात होतं. मी शाळेत कॉपी करणारी मुलं पुष्कळ पाहिली, पण हे तसं नव्हतं. समोर कुणी अडलंय आणि आपल्याला येतंय, तर हात पुढे जाणारच, इतकं साधं ते होतं.

शेवटी मी घरगुती इलाज केला. भिजवलेल्या वालांचं पातेलं आगरवालीच्या मांडीवर दिलं. हाताला बुळबुळीत साल लागलेली असली, की की-बोर्डला हात लावायची सोय नाही. आणि डोंगरवालीच्या तोंडात आवळासुपारीचा मोठा तुकडा. तो चघळून संपेपर्यंत बोलायचं नाही.

“बाई, तुमच्या शाळेत पण असंच होतं?” आगरवालीने विचारलं.

“शाळेत वाल नव्हते.”

त्या दोन महिन्यांत आम्ही इतकं वालाचं बिरडं खाल्लं, की शेजारच्या वहिनींनी मी डबा घेऊन फाटकात दिसले की हात जोडायला सुरुवात केली. पण त्याचा उपयोग झाला. डोंगरवालीसाठी मी माझ्या टायपिंगच्या क्लासची जुनी पद्धत काढली. तिच्या हातांवर धुतलेला नॅपकिन टाकायचा, म्हणजे अक्षरं दिसत नाहीत, आणि बोटांना जागा लक्षात ठेवाव्या लागतात. सुरुवातीला ती चिडली. मी म्हटलं, “कलम डोळे मिटून बांधतेस ना?” तोंडात आवळासुपारी होती, तिने नुसते डोळे वटारले. पण नॅपकिन तिने काढला नाही.

आगरवालीची अडचण जास्त अवघड होती. तिला लूप कळत नव्हता. लिहिलेला लूप ती बघून बघून बिनचूक टाइप करायची, पण तो कशासाठी आहे आणि कधी थांबतो, हे विचारलं की म्हणायची, “सर थांब म्हणतील तेव्हा.” मी तिला पुस्तकातलं वाक्य सोपं करून सांगितलं, पुन्हा सांगितलं. तिने मान डोलावली, म्हणजे कळलं नव्हतं. शाळेत ती मान मी हजारदा पाहिली होती.

एका संध्याकाळी डोंगरवालीने सुपारी तोंडातून काढून हातात घेतली. नियम मोडला, पण मी काही म्हटलं नाही.

“तू आत्ता काय करतेयस?”

“वाल सोलतेय. दिसत नाही?”

“कधीपर्यंत सोलणार?”

“बाई सोडतील तोवर.”

“बाईंना सोड. पातेल्यात काय आहे तोवर?”

“वाल आहेत तोवर.”

“मग तोच लूप. पातेल्यात वाल आहे का? आहे. उचल, सोल, ताटलीत टाक. परत बघ. आहे का? नाही. थांब. कुणी सांगायला लागत नाही.”

आगरवाली थांबून पातेल्याकडे बघत राहिली. “आणि किडका निघाला तर?”

“तर इफ. किडका असेल तर फेकून दे, नसेल तर सोल.”

“आणि वाल उचललाच नाही, नुसती बघत बसले तर?”

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. पण डोंगरवाली खुर्चीत सरळ झाली. “मग पातेलं कधीच रिकामं होणार नाही, आणि तू रात्रभर इथेच. मशिन लटकतं ना आपलं कधी कधी? ते हेच.”

“हे सरांनी असं का नाही सांगितलं?”

“सरांनी सांगितलं होतं. तू टाइप करत होतीस.”

आगरवालीने वालाची साल तिच्या अंगावर फेकली. पण त्यानंतर ती सांगू लागली. आधी वालांचं सांगायची आणि मग ते आकड्यांत बदलायची. मोठ्याने, हातवारे करून, ओटीभर साली उडवत. मी त्या आठवड्यात पहिल्यांदा स्वतः एक लूप लिहिला. चालला नाही; माझं पातेलं रिकामंच होत नव्हतं. दोघींनी मिळून मला चूक दाखवली. त्या वेळी मी कुणालाच हात मागे घ्यायला लावला नाही.

परीक्षेच्या दिवशी मी कॉलेजात गेले नाही. जायचं मनात होतं, पण एवढ्या मोठ्या मुलींबरोबर म्हातारी बाई लॅबच्या बाहेर बसलेली बरी दिसत नाही. मी स्वयंपाकघरातले डबे खाली काढले, पुसले आणि परत लावले. दुपारी दोघी एकदमच आल्या, आणि दोघी एकदमच बोलू लागल्या, म्हणून मी आधी पाणी दिलं.

डोंगरवालीला चिठ्ठीत आकडा उलटा करण्याचा प्रोग्रॅम आला होता. कागदावर लिहून झाला. टाइप करायला बसली, तर लॅबमधला की-बोर्ड लॅपटॉपसारखा नाही, मोठा, कळा उंच आणि कडक. अक्षरं जागच्या जागी, पण बोटं घसरत होती. शेजारच्या मुलांचं चालून झालं, तिचं अर्धं. मग चालवायला गेली, तर पडद्यावर चुकांची रांग लागली.

“मला वाटलं, झालं,” ती म्हणाली. “मी मागे वळून हिच्याकडे बघितलं.”

“आणि मी बघितलं नाही,” आगरवाली म्हणाली. “मला दिसत होतं ही बघतेय ते. मी मान खाली घालून बसले. लई वाईट वाटलं. पण बघितलं असतं तर मी उठून गेले असते तिच्या मशिनपाशी, आणि मॅडमनी दोघींना बाहेर काढलं असतं.”

मग डोंगरवाली परत पडद्याकडे वळली होती. चुका पुष्कळ दिसत असल्या तरी सगळ्यांत वरची आधी बघायची, एवढं तिला येत होतं; कॉलेजात तेच तर तिचं काम होतं. वरच्या ओळीत एक अर्धविराम राहिला होता. तो टाकल्यावर बाकीच्या बऱ्याचशा गेल्या. मग एक कंस मिटायचा राहिलेला. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या तेव्हा प्रोग्रॅम चालला. तोंडी प्रश्नांना तिने नीट उत्तरं दिली. वेळ उरलाच नव्हता, म्हणून मॅडमनी दोनच प्रश्न विचारले.

आगरवालीचा तर कधीच झाला होता. मॅडमनी तिला विचारलं, हा लूप थांबतो कशाने. “मी वाल म्हणणार होते,” ती म्हणाली, “जिभेवर आलं होतं. गिळलं, आणि म्हटलं, एन संपला की.”

निकाल मे महिन्यात लागला. दोघी सुटल्या. आगरवालीला डोंगरवालीपेक्षा बरेच जास्त गुण होते, आणि हे तिने स्टेशनपासून आगरपर्यंत भेटेल त्याला सांगितलं. डोंगरवाली काठावर सुटली. मला ते गुण कमी वाटले. तिला वाटले नाहीत.

पुढच्या रविवारी तिचा भाऊ रोपवाटिकेचा टेम्पो घेऊन आला. सुट्टीसाठी तिची ट्रंक घरी न्यायची होती. निकाल त्याला फोनवर कळला होता. त्याने ट्रंक टेम्पोत चढवली, इंजिन चालूच ठेवलं आणि पायरीपाशी उभा राहून म्हणाला, “म्हणजे अजून दोन वर्षं?”

“दोन,” ती म्हणाली.

“मालकाला सांगायला पाहिजे मग. जागा दुसऱ्या कुणाला देतील.”

“दे म्हणावं.”

“बरं.” मग खिशातून घडी केलेला कागद काढून त्याने तिच्यापुढे धरला. “कलमांच्या जातींची लेबलं करायची आहेत. हाताने लिहिलेली पावसात पुसतात. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. तुला जमेल का इथे टाइप करायला? छापून नंतर घेतो. चटकन? टेम्पो चालू आहे.”

लॅपटॉप टेबलावरच होता. ती बसली. आधी कागद वाचला, मग तो बाजूला ठेवला आणि पहिलं नाव टाइप करायला लागली. घाई करत नव्हती. चुकलं की मागे जात होती, पुसत होती, पुन्हा टाकत होती. तो तिच्या मागे उभा राहून बघत होता. दोन नावं झाली तेव्हा त्याने टेम्पोकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं, आणि फाटकाबाहेर जाऊन इंजिन बंद करून आला.